चित्रातली जागा, गाण्यातला वेळ

क्रूसावरचा ख्रिस्त बाराव्या शतकात रंगवला गेला, पंधराव्यात रंगवला गेला आणि सतराव्यातही. विषय तोच, पात्रं तीच, आजूबाजूला शोक करणारी माणसंही तीच. तरी या चित्रांमागचे विचार एकमेकांपासून फार दूरचे आहेत. चित्रात काय दाखवलंय एवढंच पाहत राहिलं की हा फरक हातातून निसटतो. संगीताचंही तसंच. शब्द प्रार्थनेचे आहेत एवढ्यावरून ती रचना कोणत्या जगातून आली ते कळत नाही. माझ्या मते काळाचा विचार सर्वांत स्पष्ट दिसतो तो दोन ठिकाणी: चित्रकाराने जागा कशी मांडली आणि संगीतकाराने वेळ कसा वापरला. म्हणून एकाच काळातलं एक चित्र आणि एक रचना शेजारी ठेवून हे दोन प्रश्न आधी विचारावेत. शैलींची नावं नंतर येऊ द्यावीत.

इटलीतल्या रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चपासून सुरुवात करू. इ.स. ५४७ मध्ये त्याचं अर्पण झालं. आत सम्राट जस्टिनियन आणि त्याच्या दरबाऱ्यांचं मोझेक, म्हणजे भिंतीत बसवलेल्या छोट्या तुकड्यांचं चित्र आहे. सगळे समोर तोंड करून उभे आहेत, मागे सपाट सोनं. पाय पाहिले तर ते एकमेकांवर पडल्यासारखे दिसतात, कारण पायांखालच्या जमिनीला खोलीच दिलेली नाही. कारागिरांना हे जमत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये ठेवून केलेले ते छोटे तुकडे मुद्दाम थोडे तिरपे बसवत. दिव्याची ज्योत हलली किंवा पाहणारा चालू लागला की चमक एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकते. प्रकाश चित्राच्या आतून येतोय असं वाटतं, आणि ती जागा पृथ्वीवरची राहत नाही. म्हणून फ्लॅश मारून काढलेला फोटो इथे फसवतो. सोनं सगळीकडे सारखं पिवळं येतं आणि भिंत निर्जीव होते.

त्याच काळात, ५३७ साली, कॉन्स्टँटिनोपलचं (आजचं इस्तंबूल) हागिया सोफिया हे चर्च पूर्ण झालं. तिथे आवाज थांबल्यावर घुमारा दहा सेकंदांहून अधिक टिकतो. अशा वास्तूत झपाट्याने बदलणारे स्वर गायले तर आधीचा स्वर विरायच्या आत पुढचे चार येऊन पडतात आणि सगळं गढूळ होतं. जवळच्या स्वरांवरून सावकाश चालणारी एकच सुरावट मात्र त्या घुमाऱ्यात फुलते, कारण प्रत्येक स्वराला मागच्या स्वराची साथ मिळते. अनादी-अनंताची कल्पना इथे सिद्धांत म्हणून सांगावी लागत नाही. दगड आणि स्वर मिळून ती ऐकवतात. या परंपरेचं गायन कोरड्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं असेल तर ते कंटाळवाणं वाटण्याचीच शक्यता अधिक. प्रत्यक्ष चर्चमध्ये केलेलं मुद्रण शोधावं.

पुढची झेप पॅरिसमधली. नोत्र दाम चर्चचं बांधकाम ११६३ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या पेरोतँ या रचनाकाराची चार आवाजांची ‘विदेरुंत ओम्नेस’ ही रचना ११९८ च्या सुमाराची मानतात. तिचं पहिलं मिनिटभर ऐका. खालचा आवाज ‘वि’ हे एकच अक्षर एका स्वरावर धरून बसलेला असतो आणि वरचे तीन आवाज तीन-तीन मात्रांच्या उसळत्या लयीत खेळतात. मूळ प्रार्थनेची चाल त्या खालच्या आवाजात असते, पण ती इतकी ताणलेली की चाल म्हणून ओळखूच येत नाही. इमारतीखालच्या पायासारखी ती आत राहते. असं काही रचणं शक्य झालं ते लेखनामुळे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्विदो द आरेत्सोने स्वर रेषांवर लिहायची पद्धत रुजवली होती. चार वेगळे आवाज केवळ स्मरणावर एकत्र बसवणं फार अवघड आहे.

ती तीनची लय नुसती सोय नव्हती. तेराव्या शतकात फ्रांको या सिद्धांतकाराने तीन भागांच्या मापाला ‘परिपूर्ण’ म्हटलं आणि त्याचं कारण थेट ख्रिस्ती त्रिमूर्तीत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) दाखवलं. दोन भागांचं माप अपूर्ण. मग १३२० च्या आसपास पॅरिसमधल्या संगीतज्ञांनी दोनच्या मापाला तीनच्या बरोबरीचं स्थान दिलं आणि स्वर आणखी लहान तुकड्यांत लिहिण्याची चिन्हं आणली. त्याच दशकात पोप जॉन बाविसावे यांनी आज्ञापत्र काढून तक्रार केली की गायक सुरावटीचे तुकडे करतात, बारीक-बारीक स्वरांनी ती झाकून टाकतात आणि भक्ती बाजूला राहते. लयीच्या गणितावरून पोपला आज्ञा काढावी लागली, यावरूनच कळतं की त्या काळी वेळेची मोजणी हा श्रद्धेचा विषय होता.

आता फ्लॉरेन्स. सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मासाच्चोने सुमारे १४२७ मध्ये रंगवलेलं ‘त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र आहे, सुमारे ६.६७ मीटर उंच आणि ३.१७ मीटर रुंद. भिंत सपाट आहे, पण डोळ्यांना मागे कमानदार छताची खोली दिसते. ओल्या गिलाव्यात खिळा ठोकून दोऱ्या ताणल्याच्या आणि रेषा कोरल्याच्या खुणा तिथे आजही सापडतात. हे घरबसल्या तपासता येतं. चित्राची मोठी प्रत घ्यावी, छतातल्या चौकटींच्या मागे जाणाऱ्या कडांवर पट्टी ठेवावी आणि पेन्सिलीने त्या रेषा खाली वाढवाव्यात. चित्राला पैसे देणारे देणगीदार ज्या पायरीवर गुडघे टेकून बसलेत, तिच्या आसपास त्या एकत्र येतात. चर्चच्या जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची साधारण तीच. प्रत घेताना एक काळजी घ्यावी: फोटो तिरप्या कोनातून काढलेला असेल तर रेषा जुळणार नाहीत आणि दोष चित्रकाराच्या माथी जाईल. म्हणून आधी चित्राच्या बाहेरच्या कडा काटकोनात आहेत का ते पाहावं.

सान व्हितालेमध्ये सम्राट पाहणाऱ्याकडे पाहतो. इथे सगळी वास्तूच पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून मोजलेली आहे. माणूस हे माप झालं. आणि तरी मासाच्चो एका जागी थांबतो. छत खालून पाहिल्यासारखं आहे, पण ख्रिस्त आणि त्याच्यामागचा देवपिता समोरूनच दिसतात. माझं वाचन असं की त्याने मानवी डोळ्याचा नियम देवाला लावला नाही. त्या एका अपवादात त्या शतकातली सगळी ओढाताण आहे.

याच शहरात ९ वर्षांनी, २५ मार्च १४३६ रोजी, मुख्य कॅथेड्रलचं अर्पण झालं आणि त्यासाठी ग्योम द्युफाईने एक रचना बांधली. खालचे दोन आवाज एकच पारंपरिक चाल एकमेकांपासून पंचमाच्या अंतरावर गातात. ती चाल चार वेळा येते आणि प्रत्येक वेळी तिच्या मापाचं प्रमाण बदलतं: ६, ४, २, ३. १९७३ साली एक सिद्धांत पुढे आला की ही प्रमाणं ब्रुनेलेस्कीच्या घुमटाच्या इमारतीची आहेत. कल्पना सुंदर होती आणि खूप पसरली. पण कॅथेड्रलची मापं त्यात नीट बसत नव्हती. १९९४ मध्ये दुसरं उत्तर आलं: बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिराची लांबी ६० हात, मुख्य दालन ४०, रुंदी २० आणि उंची ३०. आकडे नेमके जुळतात, आणि नव्या कॅथेड्रलला त्या मंदिराचा वारस मानणंही त्या काळाला शोभतं.

हा वाद लक्षात ठेवावा, कारण चित्र आणि संगीत जुळवताना सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. दोन गोष्टी एका शहरात, एका वर्षात घडल्या की आकड्यांत साम्य शोधायचा मोह होतो, आणि पुरेसे आकडे हाताशी असले की काही ना काही जुळतंच. साम्य मान्य करण्याआधी पाहावं की ते प्रमाण रचनाकाराला माहीत असण्याचा मार्ग होता का, आणि ते मोजताना आपण सोयीची सुरुवात-शेवट निवडतोय का. ऐकताना ही प्रमाणं कानाला थेट लागत नाहीत, पण चार भाग ओळखता येतात: प्रत्येक भाग वरच्या दोन आवाजांनी सुरू होतो आणि नंतर खालचे दोन येऊन मिळतात.

विचार रंगाच्या भांड्यातही असतो. अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून येणाऱ्या लाजवर्दाचा निळा दगड नुसता कुटला तर राखाडी भुकटी मिळते, कारण निळ्याबरोबर पांढरं कॅल्साइट आणि सोनेरी पायराइटही बारीक होतं. चित्रकार चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या सुमारास लिहिलेली कृती अशी: एक पौंड दगडाच्या पुडीला सहा औंस पाइनची राळ, तीन औंस मस्तकी डिंक आणि तीन औंस मेण वितळवून गोळा करायचा आणि किमान तीन दिवस-रात्री मुरवत रोज मळायचा. मग राखेच्या कोमट क्षारपाण्यात तो दाबत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात, मळ राळेत अडकून राहतो. पहिल्या पाण्यातला निळा सर्वांत गडद. पुढच्या प्रत्येक पाण्यात तो फिका होत जातो आणि शेवटी राखेसारखा उरतो. घाई करून गोळा लवकर धुतला की पहिल्याच पाण्यात मळ येतो.

इतक्या खटाटोपाने मिळालेला निळा मेरीच्या वस्त्राला राखून ठेवत. किंमत हीच भक्तीची भाषा होती. चित्रकार गिरलांदायोच्या १४८५ च्या करारात हा निळा औंसाला सुमारे चार फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं) दराचा असावा असं लिहिलेलं आहे. त्या शतकात हळूहळू करारांची भाषा बदलते. महाग रंगावरचा भर कमी होतो आणि चेहरे गुरूने स्वतःच्या हाताने रंगवावेत ही अट वाढते. प्रतिष्ठा द्रव्याकडून कौशल्याकडे सरकली, ती अशी कागदावर दिसते. आणि जुन्या भिंतींवर मेरीचं वस्त्र कुठे करडं-पांढरं दिसलं तर ती चित्रकाराची निवड समजू नये. ओल्या चुन्यात हा निळा नीट धरत नाही, म्हणून तो भिंत वाळल्यावर खळीत कालवून लावत आणि तो थर आधी झडतो. पादुआतल्या ज्योत्तोच्या भित्तिचित्रांत हेच झालंय.

१६०० च्या आसपास जागा आणि वेळ दोन्ही एका क्षणावर येऊन थांबतात. काराव्हाज्जोचं ‘मॅथ्यूला बोलावणं’ रोमच्या सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्चमध्ये डाव्या भिंतीवर आहे. चित्रातला प्रकाश उजवीकडून येतो आणि त्या छोट्या प्रार्थनाकक्षातली खरी खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर आहे. त्यामुळे तो उजेड कक्षातूनच चित्रात शिरल्यासारखा वाटतो. पुस्तकातल्या प्रतीत ही गंमत संपूर्ण हरवते. मागची खोली जवळपास नाहीच. गडद अस्तरावर फक्त जे या क्षणी महत्त्वाचं, तेवढंच उजळलेलं.

मोंतेव्हेर्दीने १६२४ मध्ये व्हेनिसला युद्धाचा प्रसंग रचताना राग आणि चकमक दाखवण्यासाठी एकच स्वर एका मापात (तालाच्या एका छोट्या आवर्तनात) सोळा वेळा वाजवायला लावला. त्यानेच पुढे १६३८ मध्ये लिहून ठेवलंय की वादकांना हे आधी हास्यास्पद वाटलं आणि ते मापात एकदाच आघात करून मोकळे होत. स्वर तोच राहिला, सुरावट बदलली नाही, म्हणून त्यांना वाटलं काहीच हरवलं नाही. पण अर्थ त्या सोळा आघातांतच होता.

याच परंपरेतला विलापाचा खर्ज मला सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो, कारण तो हार्मोनियमवर मिनिटभरात तपासता येतो. खालचा आवाज ‘सा’पासून ‘प’पर्यंत उतरतो आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणतो. साधं रूप: सा, कोमल नी, कोमल ध, प. मोंतेव्हेर्दीच्या अप्सरेच्या विलापात हे आहे. १६८० च्या दशकात हेन्री पर्सेलने डिडो राणीच्या मृत्यूगीतात मधल्या पट्ट्याही घेतल्या: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. सहा पायऱ्या, मग खालच्या खाली ‘सा’वर परत. पूर्ण फेरा पाच मापांचा. चारच्या सवयीच्या कानाला तो जरा लांबलेला वाटतो. उजव्या हाताने मूळ चाल धरली की खरी गोष्ट कळते: गाणाऱ्या आवाजाची ओळ आणि खर्जाचा फेरा एकत्र संपत नाहीत. राणीला अजून बोलायचं असतं आणि खर्जाने पुढचं उतरणं सुरू केलेलं असतं. ‘मला आठवा’ असं ती आधी एकाच स्वरावर, पंचमावर म्हणते. खाली सगळं घसरत असताना ती त्या एका स्वराला धरून राहते. सतराव्या शतकाने दैव आणि माणूस यांच्याबद्दल जे म्हटलं, ते या दोन आवाजांच्या न जुळण्यात आहे. साथीदाराने गायिकेची वाट पाहून खर्ज थांबवला तर गाणं गोड होतं आणि अर्थ जातो.

अठराव्या शतकाच्या शेवटी कला वाद घालू लागते. चित्रकार दाव्हिदच्या १७८४ च्या ‘होरेशियसबंधूंची शपथ’मध्ये तीन कमानी, त्यांखाली तीन गट, आणि रेषा बापाच्या हातातल्या तलवारींपाशी येतात. बेथोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीचा पहिला भाग ६९१ मापांचा आहे आणि इतक्या लांबीला कारण लागतं. ते सातव्या मापात मिळतं. चेलो सा, शुद्ध नी आणि मग अनपेक्षितपणे कोमल नीवर उतरतात. पहिल्या वेळी तो स्वर परत वर चढून सुटतो. बऱ्याच वेळाने तीच सुरावट परतते तेव्हा तो खाली धैवतावर जातो आणि सगळी वाटच बदलते. एक प्रश्न मांडून, ताणून, वेगळं उत्तर देण्याची ही रीत क्रांतीच्या काळातच जन्मली याचं नवल वाटू नये.

मोनेच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या चित्राचा फोटो फोनवर कृष्णधवल करून पाहावा. सूर्य जवळपास गायब होतो. त्याची उजळता भोवतीच्या आभाळाइतकीच आहे, फरक फक्त रंगाचा. म्हणून तो डोळ्यांसमोर थरथरतो, जागेवर बसत नाही. त्या पिढीला बाहेर उभं राहून इतक्या वेगाने रंगवता आलं त्यात १८४१ मध्ये आलेल्या धातूच्या रंगनळ्यांचा मोठा वाटा आहे. संगीतात याला जवळचं उदाहरण द्यायचं तर देब्युसीचं १९१० मध्ये प्रसिद्ध झालेलं पियानोवरचं ‘व्वाल’. बराचसा भाग सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी या सहा समान अंतराच्या स्वरांत आहे. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही. त्यामुळे ‘सा’कडे परत ओढणारं काही उरत नाही. मधली ३८ वर्षं विसरू नयेत. दोघांना ‘इम्प्रेशनिझम’ या एकाच नावाच्या डब्यात टाकलं की वाटतं एका कॅफेत बसून ठरवलं असावं. तसं नव्हतं. देब्युसीच्या कानावर १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचं गामेलान पडलं होतं, त्याचा वाटा चित्रांपेक्षा कमी नाही.

विसाव्या शतकात अर्थ कधी ओरडून सांगितला जातो, कधी लपवून. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका शहरावर बॉम्बहल्ला झाला आणि त्याच वर्षी पिकासोने ७.७७ मीटर रुंदीच्या कापडावर तो काळा, पांढरा आणि राखाडी एवढ्यातच उभा केला. घोड्याच्या अंगावरच्या बारीक उभ्या रेघा छापील मजकुरासारख्या दिसतात. शोस्ताकोविचने १९६० च्या जुलैमध्ये तीन दिवसांत लिहिलेली आठवी तंतुचौकडी (चार तंतुवाद्यांची रचना) नाव घेते ते फक्त स्वरांतून. जर्मन पद्धतीने वाचलं तर तिचे पहिले चार स्वर त्याच्या नावाची अक्षरं होतात. आपल्या भाषेत: रे, कोमल ग, सा, मंद्र शुद्ध नी. अर्पणपत्रिका युद्ध आणि फॅसिझमच्या बळींना आहे. सोव्हिएत राजवटीत हे दोन थर एकत्र ठेवता येत होते, कारण एक सर्वांना वाचता येई आणि दुसरा थोड्यांना ऐकू येई.

वर सगळीकडे चित्र आणि संगीत शेजारी ठेवावं लागलं. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या रागमाला चित्रांत ते एकाच कागदावर आहेत. प्रचलित मांडणी सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिणी, म्हणजे ३६ चित्रांची. वरच्या पट्टीत बहुधा ध्यानश्लोक, खाली त्याचं रूप. तोडी म्हणजे हातात वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्या सुरांकडे ओढली गेलेली हरणं. इथे लोक हमखास चुकतात ते चित्रातून स्वर शोधायला जाऊन. चित्रकाराने श्लोकातला भाव रंगवला, चलन नाही. शिवाय नाव तेच राहून स्वर बदलू शकतात. आजच्या हिंदुस्थानी तोडीत रे, ग, ध कोमल आणि मध्यम तीव्र. कर्नाटक तोडीचे स्वर मात्र आपल्या भैरवी थाटाचे. सतराव्या शतकातल्या तोडीच्या चित्रापुढे आजची तोडी लावून ‘पाहा, तीव्र मध्यमाची व्याकुळता चेहऱ्यावर कशी उतरली’ असं म्हणणं म्हणूनच जपून करावं. पाहायचं ते वेगळं: प्रहर कोणता, ऋतू कोणता, नायिका घरात आहे की रानात, एकटी आहे का. राग ही व्यक्ती आहे, तिला वेळ आणि जागा आहे, हा विचार त्या कागदावर स्पष्ट उतरलाय.

ध्वनिमुद्रणाने हाच वेळ पुन्हा कापला. १९०२ मध्ये गौहरजान यांचं गाणं कलकत्त्यात मुद्रित झालं तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटं मावत. आलाप एक-दोन ओळींत, बंदिश लगेच, ताना घाईने, आणि शेवटी स्वतःचं नाव. त्या तबकड्यांवरून त्या पिढीची गायकी इतकीच आटोपशीर होती असं धरू नये. काय गाळलं ते ऐकायचं असेल तर पहिल्या तीस सेकंदांकडे लक्ष द्यावं. गायिका रागाची ओळख कोणत्या स्वरसंगतीने करून देते ते तिथे कळतं, कारण वेळ नसताना तिने तेवढंच ठेवलेलं असतं.